जॉबवर्कवरची १,२१४ किलो तूट आणि नव्वद दिवसांत पुसला जाणारा लॉग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड. निम्मं विणकाम आत, निम्मं पूर्व भागातल्या यंत्रमागांवर जॉबवर्कनं, म्हणजे सूत कारखान्याचं आणि विणणाऱ्याला फक्त मजुरी. (कारखाना आणि त्याचे आकडे प्रकरण समजावण्यासाठी रचलेले आहेत. कायद्यातल्या मुदती आणि सॉफ्टवेअरची वागणूक मात्र जशी आहे तशीच दिली आहे.) २०२४-२५ चं ऑडिट जुलै २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा एका जॉबवर्करच्या नावावर १,२१४ किलो सुताची तूट दिसत होती. दिलेल्या सुतावर ठरलेली एक टक्का घट म्हणजे ३१७ किलो सोडून उरलेल्या ८९७ किलोंचे २३० रुपये दरानं २,०६,३१० रुपये जानेवारीतच त्याच्या मजुरीतून कापले गेले होते. जॉबवर्करचं म्हणणं एकच: "माझ्याकडं एक कोन पण शिल्लक नाही, चलनं काढून बघा."

चलनं काढली. जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे चलनाच्या तीन प्रती होतात: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी माल पाठवणाऱ्याच्या फाइलला. फाइलमधल्या तिसऱ्या प्रतीवर एका बॅगचं वजन ५०.००० किलो. सॉफ्टवेअरमध्ये तेच चलन उघडलं तर ५१.८४०. कागद छापल्यानंतर आकडा बदलला होता. कुणी आणि कधी, एवढंच शोधायचं होतं, आणि सॉफ्टवेअरच्या बदल-नोंदीच्या पडद्यावर त्या चलनांपुढे एकही ओळ नव्हती.

कारखान्यात दोन सॉफ्टवेअर चालतात. एक हिशेबाचं, बाजारात मिळणारं, एडिट लॉग (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) बंद करता न येणाऱ्या आवृत्तीचं. दुसरं उत्पादन आणि साठ्याचं, गावातल्याच प्रोग्रॅमरनं मायएसक्यूएल या डेटाबेसवर बांधलेलं. सुताची आवक, जॉबवर्कची चलनं, परत आलेला माल, सगळं या दुसऱ्यात. महिनाअखेरीला त्यातून खपाचा एकच आकडा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. त्यामुळे हिशेबाचा एडिट लॉग शाबूत असूनही त्यात फक्त जानेवारीतली वसुलीची नोंद सापडली. ती कुणी केली, किती वाजता केली, सगळं नीट. पण ती ज्या आकड्यावर उभी होती तो आकडा दुसऱ्या घरात बदलला होता.

दुसऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग का रिकामा होता याची दोन कारणं निघाली, आणि ती वेगळी ठेवायला हवीत.

पहिलं कारण सगळ्यांना लगेच पटलं. २०२३ मध्ये चलनाचा पडदा उघडायला वेळ लागतो अशी तक्रार आली होती. लॉगचं टेबल मोठं झालंय असं निदान करून प्रोग्रॅमरनं रोज रात्री चालणारं काम लावलं: नव्वद दिवसांपूर्वीच्या लॉगच्या ओळी काढून टाका. निदानच अर्धवट होतं. दिवसाला ४,००० बदल आणि एका बदलाला ६०० बाइट धरले तर २.४ एमबी होतात. वर्षाचे ३०० दिवस म्हणजे ७२० एमबी, आठ वर्षांचे पावणेसहा जीबीच्या आसपास. एवढ्यानं कुठलाही सर्व्हर भरत नाही. पडदा रेंगाळत होता कारण प्रत्येक चलन उघडताना त्याचा इतिहासही शोधला जायचा आणि लॉगच्या टेबलावर चलन क्रमांकाचा इंडेक्सच (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नव्हता. इंडेक्स टाकायचं सोडून इतिहास कापला गेला.

दुसरं कारण जास्त गंभीर, आणि बैठकीत त्याच्याकडे सगळ्यात उशिरा लक्ष गेलं. तो लॉग सॉफ्टवेअरच्या पडद्यातून लिहिला जात होता. 'जतन करा' दाबलं की ओळ पडायची. डेटाबेसमध्ये थेट शिरून केलेला बदल त्याला दिसतच नव्हता. म्हणजे नव्वदच्या जागी नऊशे दिवस ठेवले असते, तरी या प्रकरणात हाती काही लागलं नसतं.

मग धागा मिळाला कुठून? चलनाच्या ओळींच्या टेबलात 'शेवटचा बदल' असा टाइमस्टॅम्पचा रकाना होता, ओळ बदलली की आपोआप आजची वेळ घेणारा. हा रकाना डेटाबेस स्वतः भरतो, त्यामुळे बदल पडद्यातून झाला की थेट, त्याला फरक पडत नाही. या जॉबवर्करच्या एप्रिल ते ऑगस्ट २०२४ मधल्या चलनांच्या २१४ ओळींवर एकच वेळ होती: १८ नोव्हेंबर २०२४, ०२:१४:३७. एकाच सेकंदात २१४ ओळी. माणूस पडद्यावर बसून हे करू शकत नाही, ही स्क्रिप्टच. पण हा निष्कर्ष काढण्याआधी 'रात्री सव्वादोन' या आकड्यानं घोटाळा केला. 'ॲडमिन' हे एकच खातं चौघे वापरत होते आणि त्यातला एक रात्रपाळीचा सुपरवायझर. संशय थेट त्याच्यावर गेला.

सर्व्हरला त्याचा टाइम झोन विचारल्यावर उत्तर आलं 'सिस्टम', आणि सिस्टमचा झोन यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर हे नेहमीचंच. साडेपाच तास मिळवले की सकाळचे ७:४४ होतात, तेव्हा रात्रपाळी घरी गेलेली असते. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या मशीनवर, भारतीय वेळेत. दोन लॉग शेजारी ठेवण्याआधी दोन्हींचं घड्याळ तपासायचं, आणि ते तपासण्याची साधी रीत म्हणजे आत्ता एक चाचणी नोंद करून भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायची. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक खाच आहे: टाइमस्टॅम्प प्रकारचा रकाना आत यूटीसीत साठतो आणि बघणाऱ्याच्या सेशनच्या झोनप्रमाणे दिसतो, डेटटाइम प्रकारचा रकाना जसा लिहिला तसाच राहतो. एकाच टेबलात दोन्ही असले तर एका ओळीत दोन घड्याळं चालतात.

७:४४ कळल्यावर पुढचं झटपट उलगडलं. प्रोग्रॅमरच्या पाठवलेल्या मेलमध्ये त्याच सकाळी ७:५२ चा निरोप होता: वजनकाट्याच्या जोडणीचा अपडेट टाकला आहे, जुन्या चलनांनाही काट्याचं वजन भरलं आहे. हा मेल गेला होता स्टोअरच्या सुपरवायझरला. त्यानं जानेवारीत काम सोडलं आणि लायसन्स वाचवायला त्याचं गूगल वर्कस्पेसचं खातं पुसण्यात आलं. पुसलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं, आणि ॲडमिन लॉग सहा महिनेच राहतो. प्रोग्रॅमरकडे प्रत नसती तर हाही दुवा तुटला असता.

आकडा नेमका कशानं फुगला ते असं. एका गोडाऊनच्या गेटवर एप्रिलपासून इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्याची आकडेवारी एका कॉम्प्युटरमध्ये पडून होती. स्क्रिप्टनं चलन क्रमांक जुळवून 'वजन' या रकान्यात काट्याचा आकडा ओतला. गोडाऊनची माणसं त्या रकान्यात निव्वळ वजन लिहीत होती, काटा मात्र ढोबळ वजन देतो. एका बॅगेत २४ कोन, रिकामा कागदी कोन ६० ग्रॅमचा, म्हणजे १.४४ किलो. बॅग आणि आतलं पॅकिंग ४०० ग्रॅम. मिळून १.८४ किलो. ६१२ बॅगांचे १,१२६ किलो झाले. ३०,६०० किलो सुताचे कागदावर ३१,७२६ झाले आणि परत आलेला माल व वेस्टेज मिळून ३०,५१२ च्या हिशेबात तूट १,२१४ दिसली. खरी तूट ८८ किलो, घटीच्या मर्यादेत. दुसऱ्या गोडाऊनला काटाच नसल्यानं बाकीचे जॉबवर्कर वाचले.

हे सगळं पटण्यासारखं असलं तरी ऑडिटरला 'आधीचा आकडा' दाखवावा लागतो. रात्रीचे बॅकअप सात दिवसांचेच ठेवले जात होते. मायएसक्यूएल ८.० चा बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसनं स्वतः ठेवलेली बदलांची नोंद, मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांत जातो, तो कधीच गेला होता. कामी आली ती अकाउंटंटची सवय. वहीपूजनाला वह्यांबरोबर एक हार्ड डिस्कही ठेवायची म्हणून ऑक्टोबरअखेरीला पूर्ण डेटाबेसची प्रत घेतलेली होती, आणि तशीच ३१ मार्चची. रिटेन्शन पॉलिसी (काय किती दिवस जपायचं याचा नियम) म्हणावी तर कारखान्यात एवढी एकच होती, आणि ती कुणी लिहिलेली नव्हती.

जुनी प्रत उघडण्याची पद्धत इथे महत्त्वाची, कारण घाईत पुरावाच बिघडतो. आधी फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढून तारखेसह लिहून ठेवला. मग डिस्क बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम. ती वेगळ्या मशीनवर, वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये चढवली. चालू डेटाबेसच्या सर्व्हरवर अजिबात नाही, कारण डंप फाइलमध्ये (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) 'टेबल असेल तर आधी काढून टाक' अशी आज्ञा मूळ सेटिंगनंच असते. त्यानंतर ऑक्टोबर आणि मार्च या दोन प्रतींतल्या चलनाच्या ओळी ओळ-क्रमांकावर जोडून फक्त वजन वेगळं असलेल्या काढल्या. बरोबर २१४ निघाल्या, त्याच. तिसरा साक्षीदार सरकारी पोर्टलवर होता: एप्रिल ते सप्टेंबरचा आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचं जीएसटी विवरण, जो २५ ऑक्टोबरच्या आत भरावा लागतो. त्यात गेलेलं सुताचं परिमाण ३०,६०० किलोशी जुळत होतं. कारखान्यातल्या कुणाचाही हात पोचत नाही अशा ठिकाणची ही नोंद, म्हणून तिचं वजन सगळ्यात जास्त.

दुरुस्ती करताना प्रोग्रॅमर सहज म्हणाला, उलटी स्क्रिप्ट चालवतो, दोन मिनिटांत पूर्ववत होईल. तसं करू दिलं नाही. त्यानं 'शेवटचा बदल' हा चालू डेटाबेसमधला एकमेव पुरावा नव्या तारखेनं झाकला गेला असता. २१४ ओळी जशा होत्या तशा गोठवल्या, जुलै २०२५ च्या तारखेनं १,१२६ किलोंची एक समायोजन नोंद घातली, तिला ओळींची यादी जोडली, आणि कापलेले २,०६,३१० रुपये जॉबवर्करला परत दिले. तूट जागेवर राहिली असती तर प्रश्न मजुरीपुरता राहिला नसता. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं, म्हणजे न झालेल्या विक्रीवर कर आणि व्याज.

आता मुदतींचं. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारा आणि बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (बदलांचा माग) बंधनकारक आहे. कंपन्यांच्या ऑडिट नियमांतल्या नियम ११(जी) खाली ऑडिटरला चार गोष्टी लिहाव्या लागतात: सोय आहे का, वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात छेडछाड झाली का, आणि ट्रेल कायद्याच्या मुदतीपर्यंत जपला आहे का. चौथा मुद्दा पहिल्या वर्षी नावापुरता होता, आता तो खरा झाला आहे. साठ्याचं सॉफ्टवेअर म्हणजे हिशेबाची वही नव्हे, हा युक्तिवाद इथे टिकला नाही. खपाचा आकडा तिथूनच येतो आणि त्यावर वसुलीही झाली होती.

मुदत किती? कंपनी कायद्याचं कलम १२८(५) मागच्या आठ आर्थिक वर्षांच्या वह्या मागतं. २०२४-२५ ची नोंद म्हणजे ३१ मार्च २०३३ पर्यंत हवी. जीएसटीचं कलम ३६ वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांगतं. याच वर्षासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणून ३१ डिसेंबर २०३१. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा हीच मुदत, यातलं जे नंतर येईल ते. सोलापुरातले बरेच कारखाने भागीदारी किंवा एकट्या मालकीचे आहेत आणि 'ऑडिट ट्रेल कंपन्यांना' म्हणून निश्चिंत असतात. त्यांनी सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ५६(८) वाचावा: नोंदी इलेक्ट्रॉनिक असतील तर बदललेल्या किंवा पुसलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचाच. तिथे कंपनी हा शब्दच नाही.

सगळंच आठ वर्षं ठेवायचं असंही नाही. लॉगिन, फायरवॉल आणि सर्व्हरच्या लॉगसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत मागचे १८० दिवस, भारताच्या हद्दीत, अशी अट आहे. इथे एक वर्ष ठरवलं. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ सेटिंगला २० एमबीचा असतो आणि भरला की जुन्यावर लिहितो, फाइल सर्व्हरवर तो काही दिवसांतच फिरतो, म्हणून तो रोज बाहेर काढावा लागतो. उलट, सोडून गेलेल्या कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स आणि फोटो काम संपल्यावर ठेवूच नयेत. त्या पुसण्याची तारीखही याच पॉलिसीत लिहिली. ठेवण्याची यादी सगळे करतात, पुसण्याची कुणी करत नाही.

नवी रचना डेटाबेसच्या पातळीवर केली. चलन, चलनाच्या ओळी, पार्टी मास्टर आणि दर या चार टेबलांवर बदल आणि पुसणे या दोन्हींसाठी ट्रिगर, म्हणजे तसं घडताच डेटाबेसनं स्वतः चालवायच्या आज्ञा, जुनी आणि नवी नोंद दोन्ही लिहिणाऱ्या. पहिल्याच खेपेला लॉगमध्ये प्रत्येक बदलापुढे एकच नाव उमटलं. ट्रिगरच्या आत 'करंट यूजर' विचारलं की मायएसक्यूएल ट्रिगर बनवणाऱ्याचं नाव देतं, जोडलेल्या माणसाचं नाही. त्यासाठी 'यूजर' हे फंक्शन वापरावं लागतं. तेही पुरत नाही, कारण सॉफ्टवेअर सगळ्यांच्या वतीनं एकाच खात्यानं जोडतं. म्हणून लॉगिन होताच खऱ्या माणसाचं नाव सेशनच्या व्हेरिएबलमध्ये (त्या जोडणीपुरत्या तात्पुरत्या जागेत) ठेवायचं आणि ट्रिगरनं तेही लिहायचं. व्हेरिएबल रिकामं असेल तर बदल थेट डेटाबेसमधून आला असं समजायचं. या ओळींची यादी रोज सकाळी मालकांच्या मेलवर जाते. अशी सोय मालक वाचतील तोवरच उपयोगी, म्हणून यादी मुद्दाम छोटी ठेवली: तारीख, टेबल, ओळी किती.

चौघांचं 'ॲडमिन' बंद करून चार नावं केली. प्रोग्रॅमरला रोजचं खातं फक्त वाचण्याचं, बदलाचं खातं मागितल्यावर उघडायचं आणि काम झालं की बंद. लॉगच्या टेबलावर सॉफ्टवेअरच्या खात्याला कसलाच हक्क नाही. ट्रिगर ज्यानं बनवला त्याच्या हक्कांवर चालतो, त्यामुळे लिहिणं अडत नाही. नव्वद दिवसांचं काम काढून टाकलं, इंडेक्स टाकला, लॉगचे महिन्यानुसार भाग पाडले, आणि पडदा पूर्वीपेक्षा लवकर उघडायला लागला.

लॉगची रोजची प्रत मुंबईतल्या क्लाउड साठ्यावर, ऑब्जेक्ट लॉक (मुदतीआधी फाइल पुसू न देणारं कुलूप) लावून जाते. वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा हे २०२२ च्या दुरुस्तीपासून नियमातच आहे. लॉकचे दोन प्रकार असतात. 'कम्प्लायन्स' प्रकारात मुदत संपेपर्यंत मूळ खातेदारालाही फाइल पुसता येत नाही. तिथे सुरुवातीलाच आठ वर्षं टाकून पूर्ण डेटाबेसचा डंप ढकलणं ही महागडी चूक ठरते: रोजचा पूर्ण डंप आठ वर्षं साठत राहतो, आणि पुसायला हवी ती कामगारांची माहितीही त्यात अडकते. म्हणून आधी तीन महिने 'गव्हर्नन्स' प्रकार, ज्यात खास हक्क असलेल्याला लॉक काढता येतो, मग फक्त लॉगच्या फाइली 'कम्प्लायन्स'मध्ये. प्रत्येक फाइलचा हॅश त्याच दिवशी ऑडिटरच्या कार्यालयाला मेल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावाच लागतो, तो ऐनवेळी काढण्यापेक्षा हे बरं.

२०२४-२५ च्या अहवालात मात्र शेरा आलाच: साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसमधल्या थेट बदलांसाठी ऑडिट ट्रेल नव्हता आणि नव्वद दिवसांपलीकडचा जपलेला नव्हता. तो टाळण्यासाठी लॉग मागच्या तारखेनं 'तयार' करण्याची सूचना कुणीतरी केली होती. तसं केलं असतं तर 'छेडछाड' या तिसऱ्या मुद्द्यावर उत्तर द्यावं लागलं असतं.

रचना सुरू करण्याआधी प्रोग्रॅमरलाच ती चुकवायला सांगितलं. कन्सोलवरून एक ओळ बदलली, लॉगमध्ये रिकाम्या नावासह आली. 'ट्रंकेट'नं टेबल रिकामं करून बघितलं, तर चाचणीच्या सर्व्हरवर ते झालं आणि लॉग गप्प, कारण ट्रंकेट पुसण्याचा ट्रिगर उठवत नाही. त्याला 'ड्रॉप'चा हक्क लागतो, तो सगळ्या रोजच्या खात्यांवरून काढला. मग त्यानं चलनाचं शीर्षक पुसलं. लॉगमध्ये शीर्षकाची एक ओळ आली, पण त्याखालच्या नऊ ओळी न सांगता गेल्या. फॉरेन कीच्या कॅस्केडनं (शीर्षक गेलं की त्याला जोडलेल्या ओळीही आपोआप काढणारी सोय) होणारं पुसणं मायएसक्यूएलमध्ये ट्रिगरपर्यंत पोचत नाही. त्या जोड्या कॅस्केडवरून रिस्ट्रिक्टवर नेल्या, आणि आता ओळी असलेलं चलन पुसता येत नाही, रद्दच करावं लागतं.